हडकुळ्या अंगातली साखर

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याच्या पट्ट्यातल्या सहा गावांतली सहाशेहून जास्त मुलंमुली अठराव्या वर्षी तपासली गेली. त्यांची उंची आणि वजन घेतलं, रक्तातल्या साखरेची तपासणी झाली. त्यांपैकी ४८ टक्के हडकुळी निघाली, म्हणजे उंचीच्या मानानं त्यांचं वजन कमी होतं. कोरडवाहू भागातल्या, शेतात राबणाऱ्या घरांतल्या मुलांबद्दल हे ऐकून फारसं नवल वाटत नाही. पण याच गटात ३७ टक्के मुलग्यांच्या आणि १८ टक्के मुलींच्या रक्तातली साखर सामान्य मर्यादेच्या वर होती. बहुतेकांना मधुमेह झालेला नव्हता, मात्र ती त्याच्या उंबरठ्यावर उभी होती.

साखरेचा आजार खात्यापित्या घरचा आणि पोट सुटलेल्या माणसाचा, अशी आपली जुनी समजूत आहे. मुलगा काटक असला की घरचे निर्धास्त असतात. 'अंगानं बारीक आहे, पण काही होत नाही त्याला,' असं आपण सहज म्हणून जातो. शिरूरच्या मुलांनी ही समजूत खोटी ठरवली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष शिरूर, शेजारचा दौंड आणि तशाच प्रत्येक तालुक्यातल्या आईवडिलांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोचायला हवा. वाढत्या मुलाचं पोट भरतं का, एवढं पाहून भागत नाही. त्याच्या ताटात काय आहे, ते दिवसात कधी पडतं आणि वाढीच्या कोणत्या वर्षांत पडतं, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं.

सहा गावं, तीन पिढ्या

या तपासणीची मुळं १९७० च्या दशकात जातात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी तेव्हा रुग्णालयाचं काम शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकपर्यंत नेलं. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्याचं काम गावात उभं करायचं, हा त्यांचा ध्यास होता. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी केईएमच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यात सोबत होत्या. 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' या नावानं तो आज जगभर ओळखला जातो.

गावांतल्या जवळजवळ अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद झाली. ज्यांना दिवस गेले त्यांचा आहार, कामाचे कष्ट, वजन, रक्त सगळं मोजलं गेलं. सरासरी आई एकवीस वर्षांची, १५२ सेंटिमीटर उंचीची आणि जेमतेम ४२ किलो वजनाची होती. दिवसाकाठी तिच्या पोटात सुमारे १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं जात. त्या अन्नावर ती घर सांभाळायची, पाणी भरायची, रानातलं कामही करायची.

या आयांची बाळं सरासरी २.७ किलोची झाली, तर साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. दोन्हीकडच्या बाळांची मापं शेजारी ठेवल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसली. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्या मानानं त्वचेखालची चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, पण शरीरात चरबीचं प्रमाण अधिक, अशी ही ठेवण जन्मतःच तयार झालेली होती.

मोठेपणीही ती टिकते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे होते. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, म्हणजे ज्याला सगळे बीएमआय म्हणतात, दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवत होता, पण आतली शरीरं वेगळी होती.

या अभ्यासात आहाराचं काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी पाहिलं. त्यातून निघालेली गोष्ट आपल्या स्वयंपाकघराच्या अगदी जवळची आहे. आईनं एकूण किती कॅलरी घेतल्या याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं चांगल्या अंगाची झाली. भाकरीची संख्या वाढवण्यापेक्षा भाकरीसोबत काय आहे, याला जास्त मोल होतं.

रक्ततपासणीत आणखी एक उणीव सापडली. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये ब १२ जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मटणातून मिळतं. ज्या आयांमध्ये ब १२ कमी आणि फॉलिक अॅसिड भरपूर होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरावर सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा परिणाम कमी होत असल्याचं दिसलं. ही मुलं सहा, बारा आणि अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली. अठराव्या वर्षी ज्यांची साखर वाढलेली होती, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी जास्तच होती. म्हणजे आजाराची चाहूल शाळेच्या वयातच लागत होती.

वाढीचा झपाटा

दहा ते एकोणीस ही वर्षं निसर्गानं दिलेली दुसरी संधी आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांनंतर माणूस एवढ्या वेगानं पुन्हा फक्त याच काळात वाढतो. मुलींचा वेग बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, मुलग्यांचा चौदाव्याच्या आसपास. ऐन भरात एका वर्षात आठ-नऊ सेंटिमीटर उंची वाढते. प्रौढपणीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग आणि हाडांच्या भक्कमपणाचा मोठा हिस्सा याच दशकात जमा होतो.

त्यासाठी किती अन्न लागतं, याचा अंदाज बहुतेक घरांत नसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज २४०० कॅलरी लागतात, तर मध्यम कष्टाची कामं करणाऱ्या प्रौढ स्त्रीला २१३०. म्हणजे नववीतल्या मुलीची गरज तिच्या आईहून जास्त असते. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची गरज ३३२० कॅलरींची आहे. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह हवं, त्याच वयाच्या मुलाला २२. पाळी सुरू झाल्यावर दर महिन्याला रक्त जातं आणि त्याच वेळी वाढत्या शरीराला नवं रक्त बनवायचं असतं, म्हणून मुलीची लोहाची गरज मोठी.

याच वयात इन्सुलिनचा परिणाम नैसर्गिकपणेच थोडा मंदावतो. निरोगी शरीर जास्त इन्सुलिन बनवून ती तूट भरून काढतं. गर्भात ज्यांची वाढ खुंटलेली असते, त्यांच्या स्वादुपिंडाला ही जास्तीची मागणी झेपत नाही. अठरा वर्षांच्या हडकुळ्या मुलाच्या रक्तातली साखर वाढण्याचं एक कारण इथं आहे.

सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत

शिरूर आणि दौंडमधल्या शाळकरी मुलाचा दिवस बहुतेक घरांत चहानं उगवतो. चहाबरोबर बिस्किटं, खारी किंवा बटर, फार तर शिळी चपाती. साडेदहाच्या एसटीसाठी धावताना जेवण अर्धवट होतं किंवा राहूनच जातं. डब्यात चपाती आणि बटाट्याची सुकी भाजी. मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या टपरीवर पाच-दहा रुपयांचा चटपटीत पुडा, वडापाव किंवा सामोसा. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा चहा. दिवसातलं खरं जेवण थेट रात्री आठ-नऊला, आणि तेही भात-आमटी किंवा चपाती-भाजीचं. दिवसभरात अन्न पोटात जातं, पण प्रथिनं, लोह आणि ब १२ फारच थोडं जातं.

चहाचा प्रश्न नुसता साखरेचा नाही. चहातले टॅनिन धान्य-कडधान्यांतलं लोह शरीरात नीट शोषलं जाऊ देत नाहीत. जेवणाला लागून चहा घेतला तर ताटातलं बरंचसं लोह वाया जातं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं आणि जेवणात लिंबू पिळलं, तर त्याच अन्नातून जास्त लोह मिळतं. याला एक पैसाही जादा लागत नाही.

सकाळचं खाणं चुकवणाऱ्या मुलांचं वजन जास्त असण्याकडे कल असतो, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. नाश्ता चुकल्यानंच वजन वाढतं, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण सकाळचं अन्न चुकलेलं मूल अकरा-बारा वाजता भुकेनं कासावीस होऊन जे हाताशी असेल त्यावर तुटून पडतं, हे कोणत्याही शिक्षकाला रोज दिसतं. हाताशी असतं ते मैद्याचं, तळलेलं आणि खारट. तीस ग्रॅमच्या एका पुड्यातून सुमारे दीडशे कॅलरी मिळतात आणि प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांत कॅलरी साधारण तेवढ्याच असतात, पण प्रथिनं सात ग्रॅम असतात.

या दोन तालुक्यांच्या कोरड्या भागांत आज जे आजी-आजोबा आहेत, त्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. दुष्काळी कामावरची सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी त्यांच्या आठवणीत आहे. पुढं चासकमान आणि कुकडीचे कालवे आले. दौंडला खडकवासल्याचं पाणी आणि भीमेचा काठ होताच. ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली, साखर कारखाने उभे राहिले. रांजणगाव आणि कुरकुंभला एमआयडीसी आली, सणसवाडी-शिक्रापूरला खोल्यांच्या चाळी उठल्या. पोटाची चिंता बरीच मिटली. त्याच ओघात बाजरीची भाकरी मागं पडून गव्हाची चपाती आणि भात पुढं आला, हुलगा आणि मटकी कमी झाली, तांदुळजा-चाकवत-अंबाडी रानातच राहिली. आजोबांच्या शरीरानं दुष्काळाशी जुळवून घेतलं होतं. नातवाच्या पोटात मात्र सहज मिळणाऱ्या गोड-तळलेल्या कॅलरी येत आहेत. मधुमेहाचा धोका सर्वांत वेगानं वाढतो तो अशा बदलाच्या पिढ्यांत.

ऊसतोडीच्या हंगामात बीड-अहिल्यानगरकडून येणाऱ्या कुटुंबांतल्या मुलामुलींची स्थिती आणखी बिकट असते. पहाटे कोयता घेऊन आईवडील फडात गेले की कोपीवरचा स्वयंपाक आणि धाकटी भावंडं तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडतात. शाळा सुटते आणि शाळेतलं जेवणही सुटतं.

काट्यावरचा आकडा कसा वाचावा

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय निघतो. प्रौढांसाठी १८.५ च्या खाली म्हणजे वजन कमी, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. वाढत्या मुलांना ही फूटपट्टी लावता येत नाही, कारण त्यांचा योग्य बीएमआय दर महिन्याला बदलत असतो. चौदा वर्षांची १४८ सेंटिमीटर उंचीची मुलगी ३५ किलोची असेल, तर तिचा बीएमआय १६ येतो. प्रौढांच्या मापानं ती गंभीर कुपोषणाच्या सीमेवर दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात त्या वयाच्या मुलींची खालची मर्यादा १५.४ आहे, म्हणजे ती मर्यादेच्या आत, पण खालच्या टोकाला आहे. तिला लेबल लावण्याऐवजी दर तीन-चार महिन्यांनी तिची उंची आणि वजन वाढतंय का, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

भारतीय मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांसाठीचे वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. आपल्या शरीरात कमी वजनातही चरबी जास्त असते, हे लक्षात घेऊन या तक्त्यांत जास्त वजनाची रेषा परदेशी तक्त्यांपेक्षा खाली धरली आहे. घरच्या घरी करता येण्याजोगी आणखी एक तपासणी म्हणजे कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. उंची १५० असेल तर कंबर ७५ सेंटिमीटरच्या आत असावी. बारीक हातापायांचं, पण पोट सुटलेलं मूल वजनकाट्यावर निसटतं. मापाच्या फितीला ते सापडतं.

खुराक कुणाला

आपल्या गावांना खुराक हा शब्द शिकवावा लागत नाही. तालमीतल्या पोराला दूध, तूप, बदाम, अंडी मिळावीत म्हणून घर पोटाला चिमटा घेतं. भरतीची तयारी करणारी मुलं भिजवलेले हरभरे खाऊन पहाटे रस्त्यावर धावतात. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, त्यामुळे वर्दीचं आकर्षण तिथल्या घराघरांत आहे. पोलीस शिपाई भरतीला मुलग्याची उंची १६५ सेंटिमीटर आणि छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते, मुलीची उंची १५५. खुराक बहुधा सुरू होतो तो बारावीनंतर, भरतीची जाहिरात आल्यावर. तोवर हाडांची टोकं जुळत आलेली असतात आणि उंची वाढण्याची वेळ निघून गेलेली असते. भरतीत हुकणारे दोन सेंटिमीटर सातवी-आठवीच्या ताटात मिळवायचे असतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला रोजचं दूध, अंडं आणि उसळ मिळाली, तर अठराव्या वर्षी महागड्या प्रोटीन पावडरीचा डबा विकत घेण्याची वेळ येत नाही.

मुलीला मात्र खुराक कधीच लागू होत नाही. ती सगळ्यांना वाढून मग बसते. भाजी संपली असेल तर चटणी-भाकरीवर भागवते. सोमवार, चतुर्थी, नवरात्र यांचे उपवास तिच्याकडे आधी येतात, आणि उपवासाचं ताट म्हणजे साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५७ टक्क्यांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याच पाहणीनुसार राज्यातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेलं होतं. अशी मुलगी स्वतःची वाढ पुरी होण्याआधीच आई होते, तिचं बाळ कमी वजनाचं जन्मतं आणि सहा गावांत दिसलेली साखळी पुन्हा सुरू होते.

ही साखळी तोडता येते का, हे पाहण्यासाठी केईएमनं २०१२ मध्ये 'प्रिया' नावाचा प्रयोग सुरू केला. १९९३ नंतर जन्मलेली तीच मुलंमुली आता सतरा-अठराच्या घरात आली होती. त्यांतल्या काहींना रोज नुसतं २ मायक्रोग्रॅम ब १२ दिलं गेलं, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्मपोषकं आणि दूध पावडर. यातल्या मुलींची लग्नं होऊन त्यांना बाळं झाली. नुसतं ब १२ घेतलेल्या मुलींच्या बाळांनी दोन वर्षांच्या वयात मेंदूच्या विकासाच्या काही चाचण्यांत अधिक चांगली कामगिरी केली. आहारातली एवढीशी उणीव किशोरवयात भरून काढली, तर तिचा लाभ पुढच्या पिढीपर्यंत पोचू शकतो, याचा हा आशादायक पुरावा आहे.

सोवेटोची पोरं, शिक्रापूरची पोरं

हा प्रश्न एकट्या पुणे जिल्ह्याचा नाही. युनिसेफच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातल्या ५ ते १९ वर्षांच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचं प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालं. याला अपवाद दोनच प्रदेशांचा आहे, सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका आणि आपला दक्षिण आशिया. या दोन्हीकडे हडकुळी मुलं अजून जास्त आहेत आणि त्यांच्या शेजारीच लठ्ठ मुलांची संख्याही वाढते आहे. २०२२ मध्ये भारतात या वयोगटातली सव्वा कोटी मुलं लठ्ठ होती.

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमध्ये १९९० मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा असाच दीर्घ अभ्यास सुरू झाला. ती मुलं सतरा वर्षांची झाली तेव्हा त्यांचं बाहेरचं खाणं तपासलं गेलं. त्यांच्या आवडीचा पदार्थ होता 'क्वार्टर', ज्याला 'कोटा'ही म्हणतात: पांढऱ्या पावाचा पाव भाग पोखरून त्यात बटाट्याचे तळलेले काप, स्वस्त प्रक्रिया केलेलं मांस आणि चीज भरतात. स्वस्त आणि पोटभरीचा हा पदार्थ कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. शिक्रापूर चौकातल्या वडापावचं वर्णन याहून फार वेगळं करावं लागणार नाही. मुलं काय खातात हे त्यांच्या इच्छेइतकंच शाळेच्या फाटकासमोर काय विकलं जातं आणि खिशात किती रुपये आहेत, यावर ठरतं. म्हणून नुसता 'बाहेरचं खाऊ नका' हा उपदेश तिथंही पुरा पडला नाही आणि इथंही पडणार नाही. फाटकाच्या आत चांगलं अन्न मिळायला हवं.

आठवीनंतर ताट कुठं जातं

शाळेतल्या दुपारच्या जेवणाची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. २०२१ पासून तिचं नाव पीएम पोषण आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं तिचं प्रमाण आहे. गरीब घरातल्या मुलासाठी ही खिचडी म्हणजे दिवसातलं एक खात्रीचं जेवण असतं. पण नववीत पाऊल ठेवलं की ते बंद होतं. मुलग्यांच्या वाढीचा वेग शिगेला असतो ती हीच वर्षं. दहावीच्या अभ्यासाचा ताण येतो तोही याच वर्षांत, आणि मुलीची पाळी नियमित होऊन लोहाची गरज वाढते तीही याच वर्षांत. गरज सर्वांत मोठी होते तेव्हाच शाळेचं ताट काढून घेतलं जातं.

तमिळनाडू आणि कर्नाटक ही राज्यं स्वतःच्या खर्चानं दहावीपर्यंत जेवण देतात. महाराष्ट्राला ते परवडत नाही, असं मानायला मी तयार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यानं आठवड्यातून एकदा अंडं आणि जे अंडं खात नाहीत त्यांना केळं देण्याचा निर्णय घेतला होता. ब १२ च्या दृष्टीनं ते योग्य पाऊल होतं. २०२५ च्या सुरुवातीला अंड्यासाठीचा राज्याचा निधी थांबवण्यात आला. हा निर्णय बदलायला हवा आणि जेवण दहावीपर्यंत न्यायला हवं.

आफ्रिकेतल्या घानानं २००५ मध्ये शाळेचं जेवण सुरू करताना त्यासाठीचं धान्य-भाजी जवळच्या शेतकऱ्यांकडून घ्यायचं धोरण ठरवलं. शिरूर-दौंडला हे किती सोपं आहे! दोन्ही तालुक्यांत दूध संकलन केंद्रं गावोगाव आहेत, कोंबड्यांच्या शेड आहेत, भाजीचे मळे आहेत. सकाळी गोठ्यातलं सगळं दूध केंद्रावर जातं आणि घरातली पोरं काळा किंवा नावापुरता दुधाचा चहा पितात, हे चित्र बदलायचं तर दूध विकण्याआधी पोरांचा पेला बाजूला काढण्याची सवय घराला लावावी लागेल.

करता येण्यासारखं

घरात सुरुवात सकाळपासून व्हावी. चहा-बिस्किटाऐवजी शाळेला निघण्याआधी भाकरी-पिठलं, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि दही, किंवा एक उकडलेलं अंडं. दिवसातून एकदा उसळ किंवा घट्ट वरण, एकदा पालेभाजी, पेलाभर दूध किंवा वाटीभर दही आणि हंगामातलं एखादं फळ: पेरू, बोर, केळं. शंभर ग्रॅम हुलग्यात २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि बाजरीत लोह तांदळाच्या कितीतरी पट असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार २००० कॅलरींच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर असावं. आपल्या ताटात धान्य याहून जास्त आणि बाकी सगळं कमी असतं. दुरुस्ती नेमकी तिथं करायची आहे. मुलीचं ताट मुलाच्या बरोबरीनं आणि त्याच वेळी वाढलं जावं. पाळी सुरू झालेल्या मुलीनं लागोपाठ उपवास धरू नयेत, आणि धरलाच तर त्या दिवशी दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा तिच्या ताटात असावेत.

शाळेनं आठवड्याची लोहाची निळी गोळी जेवणानंतर, समोर द्यावी. २०१२-१३ पासून देशभर ही गोळी १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना मोफत दिली जाते; तिच्यात लोह आणि फॉलिक अॅसिड असतं. सोबत सहा महिन्यांतून एकदा जंताची गोळी असते. मळमळेल म्हणून अनेक मुली निळी गोळी टाकून देतात. पोटभर जेवणानंतर घेतली तर हा त्रास बराच कमी होतो, हे त्यांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. गोळीत ब १२ नसतं, म्हणून तिच्या जोडीला दूध-दही किंवा अंडं हवंच. शाळेत वजनकाटा, उंचीची पट्टी आणि मापाची फीत असावी, दर तिमाहीला नोंद व्हावी आणि ती नोंद पालकांच्या हाती जावी. मुलांना सर्वांसमोर 'काडी' किंवा 'ढोली' म्हणून हिणवणं थांबवावं. त्या एका शब्दापायी कित्येक मुली जेवण सोडतात.

हे शिक्षण वर्गातच देता येतं, हे शिरूर तालुक्यातल्याच पाबळनं दाखवलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकण्याच्या त्यांच्या शालेय अभ्यासक्रमात शेती आणि यंत्रकामाच्या बरोबरीनं गृह आणि आरोग्य हाही विषय आहे. स्वतःचा बीएमआय काढणं, आपल्या डब्यातली प्रथिनं मोजणं, मोड आणणं, शेंगदाण्याची चिक्की बनवणं हे नववीच्या विज्ञानाच्या तासाला करण्याजोगे प्रयोग आहेत.

ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती आणि बचत गट एकत्र आले, तर नववी-दहावीच्या मुलांसाठी दुपारची उसळ आणि पेलाभर दूध गावातल्या गावात उभं राहू शकतं. राज्याचा निर्णय होण्याची वाट पाहायची गरज नाही. मागणी मात्र ग्रामसभेच्या ठरावानं राज्यापर्यंत न्यायला हवी. वढूच्या परिसरातल्या सहा गावांनी तीस वर्षं आपल्या लेकरांचं रक्त, वजन आणि ताट जगापुढं उघडं केलं. त्यांच्यामुळे लंडन-साउदॅम्प्टनच्या डॉक्टरांना भारतीय शरीर समजलं. त्या ज्ञानाचा पहिला हक्क याच तालुक्यांतल्या मुलांचा आहे, आणि तो त्यांना नववीच्या वर्गात, दुपारी एक वाजता, भरल्या ताटाच्या रूपानं मिळायला हवा.